जोडविहीर गल्ली

किल्ल्या करणाऱ्याच्या टपरीवर कोपर टेकून तिने विचारलं, "जोडविहीर गल्ली कुठे आली हो?"

कानस चालवताना त्याने मान वर केली नाही. "सरळ जा. बँक लागेल. तिथून डावीकडे."

"लांब आहे का?"

"चालणाऱ्यावर आहे."

तिने आभार मानले, कोपऱ्यावर वळली आणि भिंतीला टेकून पिशवीतून वही काढली. 'डावीकडे' या रकान्यात एक रेघ वाढवली. एकूण एकशे चव्वेचाळीस झाले. दीडशेला सहा कमी.

या शहरात जोडविहीर गल्ली नव्हती. ती होती चारशे किलोमीटरवर, तिच्या गावात, तिच्या माहेरच्या दारापासून विहिरींपर्यंत. त्यांपैकी एक विहीर बुजवूनही आता वीस वर्षं झाली होती. इथे ती गल्ली नाही याची खात्री तिने आधीच करून घेतली होती. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या ज्या प्रयोगशाळेत ती अडीच महिन्यांपूर्वी रुजू झाली, तिथे शहरातल्या चार हजार एकशे बारा गल्ल्यांची यादी होती. ती यादी तिने तीनदा वाचली होती, तिसऱ्यांदा शेवटाकडून सुरुवातीकडे.

रुजू झाल्या दिवशी साहेबांनी प्रत्येक नव्या माणसाला देतात तो कागद तिलाही दिला होता. 'शहरात नवीन आहात? आमच्या आवडत्या गोष्टी.' मनोऱ्यावरून सूर्यास्त पाहणे. तळ्यात होडी फिरवणे. जुन्या बाजारात हरवून जाणे. सगळ्यात खाली रिकामी ओळ: 'तुमची आवडती गोष्ट.' ती मनोऱ्यावर गेली होती. सावली मोजून तिने उंची काढली, ती पाटीवरच्या उंचीपेक्षा चार मीटर कमी भरली. हे तिने तिकीट देणाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग अर्धंच चढा." होडीत एकट्या माणसाला बसू देत नव्हते. बाजारात मात्र ती खरोखर हरवली. तिने वाट विचारली आणि एका माणसाने मोठ्या आत्मविश्वासाने तिला गाळात रुतलेल्या बंद फाटकापाशी पोचवलं. तिथे उभ्या उभ्या तिला हा प्रयोग सुचला.

तेव्हापासून काम सुटलं की रोज दोन-तीन माणसं. खरं सांगायचं तर या शहरात तिला मनापासून आवडलेली गोष्ट ही एवढीच होती. नसलेल्या गल्लीची वाट विचारायची आणि लोकांचे हात कुठे वळतात ते पाहायचं. बासष्ट जणांनी डावीकडे पाठवलं, चाळीस जणांनी उजवीकडे, एकोणतीस जणांनी सरळ. तेरा जणांनी हटकलं, त्यातली एक बाई म्हणाली, "तोंड आहे म्हणून काय कोणालाही विचारत सुटायचं?" डावीकडचे जास्त का, याबद्दल तिचा एक अंदाज होता. पिशवी उजव्या हातात असते, मोकळा हात डावा. पण तो तिने तपासला नव्हता, म्हणून लिहिलाही नव्हता. वहीत पाचवा रकाना होता, 'माहीत नाही'. तो कोरा होता.

शहराला शत्रू मानावं इतका पुरावा तिच्याजवळ नव्हता. मित्र मानावं इतका तर मुळीच नव्हता.

प्रयोगशाळेतला पुरावा अधिक भक्कम होता. नमुन्याची बाटली बर्फाच्या पेटीतून यायला हवी. तीन आठवड्यांपूर्वी आलेली एक बाटली तिच्या हाताला कोमट लागली. तपासली असती तर आकडा आला असता, पण तो पाण्याचा नसता, वाटेतल्या उन्हाचा असता. तिने नोंदवहीत लिहिलं, 'निष्कर्ष काढता येत नाही.'

मोठ्या बाईंनी ती नोंदवही सगळ्यांदेखत तिच्यासमोर आपटली. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या ज्येष्ठ तपासनीस. साहेब बदलत, त्या बदलत नसत.

"सव्वीस वर्षांत इथून कोरा रकाना बाहेर गेलेला नाही."

"कोरा नाहीये. लिहिलंय त्यात."

"काय लिहिलंय? आम्हाला येत नाही म्हणून?"

"माहीत नाही म्हणून."

"तेच म्हणतेय मी." मागे कोणीतरी हसलं.

साहेबांनी आत बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं, "बाई, लोकांना पाणी प्यायचंय. तत्त्वज्ञान नकोय त्यांना." दुसऱ्या दिवसापासून तिचं स्टूल जागेवर सापडेना. इन्क्युबेटरची किल्ली दुपार कलल्याशिवाय हाती येईना. आणि तिला नाव पडलं, 'माहीतनाही बाई'. शिपाईसुद्धा टपाल ठेवताना विचारी, "हे तुमचंच ना? की माहीत नाही?"

गावच्या प्रयोगशाळेने तिची जागा तीन महिने राखून ठेवली होती. परत यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत तसं पत्र टपालात पडायला हवं होतं. दादाचा फोन रविवारी आला होता.

"ये परत. कशाला तिथे हाल करून घेतेस? माणसं कशी आहेत तिथली?"

"मोजतेय."

"माणसं काय मोजायची असतात?"

"वाईट आहेत म्हणायला आधार लागतो, दादा."

"तुझ्या वहिनीला विचार. ती आधाराशिवाय म्हणते."

सोमवारी तिने पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं, शिपायाकडून तिकीट मागून लावलं, 'शुक्रवारी टाकेन बहुतेक' असं त्याला सांगितलं आणि पाकीट पिशवीत ठेवलं. नियमही ठरवला. दीडशे पुरे झाल्यावर पाचवा रकाना कोराच असेल, तर शुक्रवारी सकाळी पत्र पेटीत. हा नियम शास्त्रीय नव्हता हे तिला कळत होतं. पण उत्तर हाती आल्यावर नियम करण्यापेक्षा आधी केलेला बरा.

आज गुरुवार होता. किल्लीवाल्यानंतर एका पहारेकऱ्याने तिला उजवीकडे पाठवलं, शाळेबाहेर उभ्या असलेल्या दोघा बापांनी एकाच वेळी दोन दिशांना. फळवाल्याने सांगितलं, "अहो, तीच तर गल्ली सोडून आलात तुम्ही मागे! काखेत कळसा आणि गावाला वळसा." गिऱ्हाईकंही हसली. औषधांच्या दुकानातल्या माणसाने तर पावतीच्या मागे नकाशा काढून दिला, त्यात एक झाडही दाखवलं.

एकशे एकोणपन्नास. दिवे अजून लागायचे होते. पुढच्या नाक्यावर चांभाराच्या पेटीसमोर एक बाई पाठमोरी उभी होती, एका पायावर, दुसरा पाय पुठ्ठ्याच्या तुकड्यावर टेकवून. चप्पल शिवून होईपर्यंत ती कुठे जाणार नव्हती. शेवटच्या नमुन्याला हे बरं होतं.

"जोडविहीर गल्ली कुठे आली हो?"

बाई वळल्या. त्या मोठ्या बाई होत्या. पांढऱ्या कोटाशिवाय त्या बोटभर बुटक्या दिसत होत्या.

"माहीत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

चांभाराचा दाभण चामड्यातून आरपार गेला आणि परत आला.

"यादीत नाही," मोठ्या बाई पुढे म्हणाल्या. "यादी मला तोंडपाठ आहे."

"मीही पाहिली. तीनदा. म्हणजे शहरातच नाही."

"असं कोण म्हणालं?" ऑफिसात नोंदवही आपटताना असायचा तोच आवाज होता. "ती यादी नळांची आहे. जिथे नळ नाही, ती गल्ली आपल्या यादीत नसते. टेकडीमागे अशा कितीतरी आहेत, त्यांची नावं त्यांची त्यांनाच ठाऊक. आणि नळ नाही म्हणजे विहिरी असणारच. एवढं तुम्हाला सुचायला हवं होतं. शास्त्र शिकलात ना?"

तिने हातातल्या वहीकडे पाहिलं. एकशे एकोणपन्नास रेघा. हटकणाऱ्या सोडल्या तर प्रत्येकीपुढे तिने मनातल्या मनात 'खोटं' असं लिहिलेलं होतं. औषधवाल्याच्या नकाशातलं झाड तिला आठवलं.

"मग त्या बाटलीच्या वेळी तुम्ही..."

"ते ऑफिसात. तिथे मला उत्तर देण्याचा पगार मिळतो. इथे कोण देतंय?" मोठ्या बाईंनी अनवाणी पायाची बोटं आखडून घेतली. "आणि हे उद्या तिकडे बोललात, तर मी सांगेन की बोललेच नाही. लोक माझं ऐकतील."

आजवरच्या सगळ्या नोंदी मोठ्या बाईंच्या बाजूने होत्या.

"काय मोजताय?" त्यांनी वही ओढून घेतली नाही. टेबलापलीकडची नोंदवही उलटी वाचायची त्यांना सव्वीस वर्षांची सवय होती. "डावीकडे, उजवीकडे... आणि हा कोरा का?"

"असं कोणी म्हणालंच नाही."

चांभाराने चप्पल पुढे सरकवली. मोठ्या बाईंनी ती पायात चढवली, दोनदा जमिनीवर आपटून पाहिली आणि शिलाईवरून अंगठा फिरवला.

"उद्या गावाकडे पत्र टाकताय म्हणे तुम्ही, शिपाई सांगत होता. जागा कधी मोकळी होतेय, नक्की तारीख सांगा. माझी भाची तयारीत बसलीय."

तिचा हात पिशवीत गेला. पाकिटाचा कोपरा बोटांना लागला. ते चार दिवसांत मऊ पडलं होतं. हात तसाच बाहेर आला. त्यात फक्त पेन्सिल होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी तिच्याकडे नाही, वहीकडे पाहिलं.

"मग मांडा की. एक माझं, एक तुमचं. रकाना कोरा सोडू नका."