कुंकू लावलेला बीपर

मी एक जुना बीपर आहे, साबणाच्या वडीएवढा. मित्रांनो, बर्फाच्या डोंगरात फिरणारी माणसं मला छातीशी बांधतात. कुणी हिमस्खलनात गाडलं गेलं, तर त्याचा बीपर आतून हाक मारतो आणि सोबत्याचा बीपर ती ऐकून वाट दाखवतो. हाक मारणं आणि हाक ऐकणं, एवढंच मला येतं.

जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या एका दुकानातून उल्हासराव आणि शुभदाताई या तिथे राहणाऱ्या पुण्याच्या जोडप्याने मला आणि माझ्या जुळ्या भावाला घरी आणलं. उल्हासराव इंजिनिअर, त्यामुळे आल्यागेल्याला माझं कौतुक ऐकावंच लागे. नऊ हिवाळे मी त्यांच्या छातीवर काढले. उन्हाळ्यात मात्र ते मला सेलसकट खणात टाकत. शुभदाताई त्यांच्याकडच्या माझ्या भावाचे सेल आठवणीने काढून ठेवत. मला त्याचा हेवा वाटे.

गेल्या दसऱ्याला लॅपटॉप आणि ड्रिलमशीनच्या शेजारी माझीही पूजा झाली. कुंकू लागलं, झेंडू वाहिला. मी हरखून गेलो, खोटं कशाला सांगू? पण माझं झाकण कुणी उघडलं नाही. आत सेल केव्हाच पाझरले होते.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला आणि दोघं आल्प्सच्या पायथ्याशी पोहोचली. पार्किंगमध्ये उल्हासरावांनी बटण दाबलं. मी जेमतेम लुकलुकलो आणि विझलो, पण ते तोवर बुटांकडे वळले होते. शुभदाताईंनी नेहमीप्रमाणे भावाला ऐकायला लावलं आणि नवऱ्याला समोरून चालायला सांगितलं. काहीच ऐकू येईना. झाकण उघडलं तर आत हिरवट गंज. नवे सेल घालूनही मी मुकाच.

"अगं, गुडघाभरसुद्धा बर्फ नाहीये," उल्हासराव म्हणाले. "बरं, तुझा चालतोय ना? चल."

"वाऱ्याने सगळा बर्फ त्या घळीत नेऊन साठवलाय, आणि आपल्याला तीच ओलांडायचीये. अहो, मी गाडले गेले तर मला शोधणार कशाने?"

उल्हासरावांनी मला हातात उलटसुलट करून पाहिलं. माझ्या कडेला अजून कुंकू होतं. मग त्यांनी बुटांचे बंद सोडले. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि एवढं हायसंही.

आता मी शोकेसमध्ये असतो. यंदा दसऱ्याला पाटावर नवा बीपर बसला. शुभदाताई कुंकू घेऊन आल्या, तेव्हा उल्हासराव म्हणाले, "थांब जरा." त्यांनी झाकण उघडलं, नवे सेल घातले आणि दोघांनी घरभर फिरून त्याची हाक ऐकली. मग पूजा झाली.

मित्रांनो, आम्हाला फूल जरूर वाहा, आम्हाला ते आवडतं. पण आधी झाकण उघडून बघा. तुमच्या छातीवरच्या बीपरवर अवलंबून असतो तो तुमच्या सोबत्याचा जीव.