अंगठा कुठे ठेवायचा

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दातांच्या डॉक्टरला मात्र लेकीनं सांगितलं नसावं, किंवा सांगूनही त्याच्या टाळक्यात शिरलं नसावं.

आला, बसला आणि भिंतीवरची माझी ठासणीची बंदूक सरळ उघड्या हातानं उतरवली. मी स्वतः तिला हातमोज्यांशिवाय शिवत नाही, घामानं नळी गंजते. हा पठ्ठ्या तिच्यावरून बोटं फिरवतोय आणि वर विचारतोय, "काका, ही नुसती शोभेचीच ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक कौतुकानं हसत होती. बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि ही पोरगी याच्याशी लग्न करून दूर जायचं म्हणत होती. ती गेली की मी काय बंदुकांशी गप्पा मारू?

"चल, गाडी दाखवतो," मी म्हणालो. लेक चहा टाकायला गेली.

गॅरेजमध्ये माझी म्हातारी उभी होती, पुढून हँडल मारून सुरू करायची गाडी. "मी मारू हँडल?" म्हणत त्यानं बाह्या सरसावल्या. आता हिचे नियम दोनच. स्टिअरिंगजवळचा स्पार्कचा दांडा आधी मागे घ्यायचा, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं. आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. लेकीकडून मी हे लहानपणीच घोटून घेतलं होतं.

मी स्टिअरिंगवर बसलो. दांडा पुढे होता, तो तसाच ठेवला. डॉक्टर वाकला तेव्हा त्याची मूठ मला दिसली, अंगठा छान आवळलेला. "मार जोर लावून," मी म्हणालो.

हँडल उलटं फिरलं. त्याचा उजवा अंगठा मागे मोडला आणि तो मटकन खाली बसला. दात काढायचा हात तो. वाईट वाटलं म्हणालो तर खोटं होईल. बरं वाटलं मला.

लेक धावत आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे, मग माझ्याकडे.

"बाबा, उतरा."

"अगं, नवशिक्या आहे तो. होतं असं."

"उतरा म्हणते ना."

उतरलो. तिनं त्याला आत बसवलं, दांडा मागे घेतला आणि पहिल्याच हँडलला गाडी सुरू केली.

"दवाखान्यातून ये, मग बोलू," मी म्हणालो.

"बोलायचं काही राहिलं नाही. गाडी उद्या फाटकाशी लावून जाईन. मला आत बोलावू नका."

गाडी रस्त्याला लागली तेव्हा मला तिला थांब म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "क्लच जपून सोड गं."

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाशी उभी होती, आत कुणी नव्हतं. मी आधी क्लच तपासला.