डोकं पश्चिमेला

आमच्या दफनभूमीत माणूस पुरायचा एक नियम आहे. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, तेव्हा मेलेले उठून बसतील आणि त्यांना तो समोरच दिसावा, म्हणून. माझा बाप इथे खड्डे खणायचा, त्याच्यामागून मी खणतो. पेटी फाटकातून आत आली की खणणाऱ्याने खड्ड्याच्या पश्चिम टोकाला उभं राहून हाक द्यायची, "डोकं माझ्याकडे." खांदा देणारे रडत असतात, त्यांना कसल्या दिशा कळणार?

बाप म्हणायचा, "खड्डा असा खण, की उठल्यावर त्या माणसाने तुला शिव्या घालू नयेत." सहा फूट म्हणजे सहा फूट. तो दोरी टाकून मोजायचा.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. तिचा खड्डा मी एकट्याने खणला, पुरता सहा फूट, कडा सुरीने कापल्यासारख्या. त्यानंतर माझ्यातलं काहीतरी खलास झालं. आमच्याकडे पंधरा वर्षांनी घराण्याची जुनी जागा पुन्हा उघडतात. खाली काय उरतं ते मी लहानपणापासून बघत आलोय. बटणं, बुटाचा तळ, दात. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण तिचंही तेच होणार हे डोक्यात शिरलं आणि मग निघेना. कुणी उठत नाही, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं. बोललो मात्र कुणाशी नाही, कारण माझा धाकटा भाऊच इथल्या चर्चचा पाळक आहे आणि मी जेवतो त्याच्याच घरी.

मग मी नुसत्या पाट्या टाकायला लागलो. सहाचे पाच झाले, पाचाचे साडेतीन. मेलेला माणूस तक्रार करत नाही, आणि तो उठणारच नसेल तर कधीच करणार नाही. एकदा हे मान्य केलं की कामचुकारपणाला काही म्हणजे काही आडवं येत नाही. मी माझ्या अनुभवावरून सांगतोय.

उन्हाळ्यात इस्पितळाच्या धुलाईघरात वाफेचा नळ फुटला आणि एक पोरगा भाजून मेला. बावीस वर्षांचा. त्याची आई तिथेच चादरींना इस्त्री करते. पेटी स्वस्तातली होती, दोन्हीकडे सारखीच रुंद. डोक्याची बाजू कळावी म्हणून सुताराने झाकणावर खडूने क्रूस काढला होता. त्यावर फुलं पडली आणि तो झाकला गेला. मी कुठे होतो? भिंतीला टेकून विडी ओढत होतो. हाक दिलीच नाही. पहिली माती पडली तशी फुलं घसरली आणि क्रूस दिसला, पूर्वेच्या टोकाला. पोरगा उलटा उतरवला होता.

तेव्हा थांबवता आलं असतं. पण पेटी वर काढली असती तर खड्ड्याची खोलीही पन्नास माणसांनी बघितली असती. मी मूग गिळून फावडं चालवलं.

त्या रविवारपासून इस्त्रीवाली मावशी यायला लागली. पूर्वेच्या टोकाला, त्याचे पाय असायला हवेत तिथे, मांडी घालून बसायची. एकदा मी विचारलं, "मावशी, इथेच का बसता?"

"उठून बसला की पहिली मी दिसायला नको का? भाजलाय तो. घाबरेल."

मी सहा रविवार ते बघितलं. ती बसत होती त्याच्या डोक्यामागे. मी स्वतःला बजावत होतो, कोण उठतंय, कोण घाबरतंय, म्हातारीला बसू दे की कुठेही. तरी शेवटी भावाला सांगितलं.

त्याने चष्मा काढून पुसला. "दादा, देवाला काय दिशा कळत नाहीत? तो वळवेल त्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कशाला मढी उकरायची?"

"माझा धंदाच तो आहे."

"मंडळी तुला काढून टाकतील. मलाही विचारतील."

"तू दर रविवारी सांगतोस की ते उठतील. खरंच उठतील?"

"हो," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

"मग तो पोरगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, तुम्हा दोघा भावांना माहीत होतं, तर तू काय सांगशील?"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. मला त्याचा राग आला, कारण माझ्याकडे निदान न मानण्याची सबब तरी होती.

पुढच्या रविवारी मी मावशीला सांगितलं. विडीपासून फावड्यापर्यंत सगळं. वर माझी अक्कलही पाजळली, "हवं तर तुम्ही त्या टोकाला बसा. तोंड तिकडे आहे त्याचं."

मावशीने पश्चिमेकडे बघितलं. तिथे भिंत आहे, तिच्यावर शेवाळ आहे.

"म्हणजे सगळे तिकडे बघत असतील आणि माझा एकटाच भिंतीकडे तोंड करून बसेल," ती म्हणाली. "शाळेत त्याला असंच बसवायचे."

मग ती उठली. "उद्या सकाळी काढ त्याला. मी येते."

सोमवारी ती कामावरच्याच कपड्यांत आली. थोड्या वेळाने भाऊही आला, रात्री जेवताना मी त्याला सांगितलं होतं. परवानगी त्याने कुणाची घेतली नव्हती. आला, कोट काढून फाटकाला टांगला आणि फावडं उचललं. दोन फुटांवरच पेटीला फावडं लागलं, मग कडेने साडेतीन फुटांचा तळ मोकळा केला. मावशी खड्ड्यात उतरली. माती तिच्या कमरेच्या वर थोडीशीच आली. ती काठाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

मी कामचोर नसतो तर आम्हा तिघांना ती पेटी वर काढता आली नसती. आम्ही ती दोरांवर घेतली, गवतावर ठेवली. लाकूड खालून मऊ पडलं होतं आणि वास येत होता. भाऊ भिंतीपाशी जाऊन ओकला. मावशीने तळहाताने झाकणावरची माती पुसली, चादरीची सुरकुती काढावी तशी. मग मी उरलेले अडीच फूट खणले. दुपार झाली. कुणी पाणी मागितलं नाही. पेटी उतरवताना मी पश्चिम टोकाला उभा राहिलो आणि म्हणालो, "डोकं माझ्याकडे."

माती ओढून झाल्यावर मावशीने विचारलं, "इतके उथळ आणखी किती आहेत?"

"सदतीस."

"आणि उलटे?"

"माहीत नाही. मी बघत नव्हतो."

मावशी हात झटकत होती.

मी म्हणालो, "मावशी, मला माफ करा."

"मी कशी करू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती खरोखरच विचार करत होती. "उलटं मला नाही ठेवलंस. ज्याला ठेवलंस त्याला विचार. उठल्यावर तो काय ते सांगेल." ती फाटकाकडे चालू लागली, तिची दुपारची पाळी होती.

मी तिथेच उभा राहिलो. ती जे म्हणाली त्यातून सुटायला मला जागा सापडेना. कुणीच उठणार नसेल, तर मला कुणी जाब विचारणार नाही, आणि त्याच भरवशावर मी दोन वर्षं काढली होती. पण मग मला माफ करणारंही कुणी नाही. हे अडतीस जण माझ्याशी कधीच बोलणार नाहीत, आणि मी जो आहे तोच राहणार, मरेपर्यंत आणि नंतरही. त्या पोराने उठावं, माझ्यासमोर उभं राहावं आणि हवं ते बोलावं, असं मला त्या दुपारी इतकं वाटलं की मी भावाचा हात धरला आणि विचारलं, "ते उठतील ना रे?"

तो हो म्हणाला. मग त्याने विचारलं, "सदतीसांपैकी आधी कुणाच्या घरी जायचं?"