माझं गळकं स्टिअरिंग आणि देवमनचा हात

मित्रांनो, मेडशीच्या फाट्यावर जी लांबलचक, जुनाट परदेशी मोटार उभी असते ना, ती मी. माझा मूळ रंग हिरवा. आता तो कुठे हिरवा राहिला आहे, कुठे गंजाचा झाला आहे. पुढचे दोन दिवे एका जोडीचे नाहीत. मी सुरू झाले की रस्त्यावरच्या कोंबड्या दोन्ही बाजूंना पळतात. पण माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे, म्हणून थोडा वेळ थांबा आणि ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. साल होतं एकोणीसशे छप्पन्न. माझ्या अंगात एक गोष्ट अशी होती की तिचा मला फार अभिमान वाटे. माझ्या स्टिअरिंगला तेलाचा एक पंप जोडलेला होता. इंजिन सुरू झालं की तो पंप तेल दाबून पुढे पाठवी आणि त्या तेलाच्या जोरावर माझी जड चाकं वळत. चालवणाऱ्याने फक्त हात फिरवायचा, जोर मी लावायची. याला पॉवर स्टिअरिंग म्हणतात. त्या दिवसांत आपल्या भागातल्या गाड्यांना ते नव्हतंच म्हटलं तरी चालेल. ट्रकचं स्टिअरिंग वळवताना चालकाच्या मानेच्या शिरा फुगत.

कारंज्याच्या एका जिनमालकांनी मला विकत घेतलं. त्यांचा सरकी काढण्याचा आणि रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना होता. मला रोज धुतलं जाई, पुसलं जाई. लग्नाच्या वराती माझ्यातून निघत. नवरदेव माझ्या गादीवर बसून पुन्हा पुन्हा उसळून पाही. मला वाटे, आपलं सगळं आयुष्य असंच जाणार.

तसं झालं नाही. शेठजी वारले. त्यांच्या मुलांना माझं पेट्रोल परवडेना. मला कापसाच्या गोदामामागे उभं केलं गेलं. दोन वर्षं माझ्याकडे कोणी आलं नाही. टायर बसले, गादीत उंदरांनी पिल्लं घातली, आणि ज्या स्टिअरिंगचा मला गर्व होता त्याच्यावर एक कोंबडी येऊन झोपू लागली.

एकाहत्तर साली मेडशीच्या उत्तमरावांनी मला तिथून बाहेर काढलं. त्यांना माणसं आणि भाजीपाला वाहायला टॅक्सी हवी होती. त्यांनी माझी साफसफाई केली, मला चालू केलं आणि चालक शोधायला लागले.

तेव्हा देवमन आला.

देवमन तिशीतला, सडपातळ, बोलायला कमी. तो पूर्वी त्याच कारंज्याच्या जिनमधून रुईच्या गाठी ट्रकने न्यायचा. एक दिवस थप्पीवरची गाठ घसरली आणि त्याच्या डाव्या खांद्यावर पडली. पक्की बांधलेली रुईची गाठ म्हणजे दीडशे किलोंहून जास्त वजन. हाड जुळलं, पण हातात जोर परत आला नाही. तो हात छातीपर्यंत जेमतेम उचलला जाई. ट्रकचं स्टिअरिंग आता त्याच्याने वळेना. ज्याने त्याने सांगितलं, "देवमन, आता तुह्याच्यानं गाडी होत नाही."

तो आला तेव्हा उत्तमरावांनाही तेच वाटलं. पण देवमन म्हणाला, "मालक, एक डाव बसून तं पाहू द्या."

तो बसला. इंजिन सुरू केलं. उजव्या हाताने त्याने स्टिअरिंगचं चाक धरलं आणि हळूच फिरवलं. मी माझा सगळा जोर लावला. जागच्या जागी, उभ्या उभ्या, मी पुढची चाकं पूर्ण वळवली.

देवमनने ते पुन्हा उलट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "मालक, हे तं लोण्यावानी फिरून राह्यलं!" त्याचे डोळे भरून आले होते. उत्तमरावांनी ते पाहिलं, आणि त्यांनी दुसरा चालक शोधला नाही.

मित्रांनो, ती पाच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. सकाळी आम्ही मेडशीहून घाट उतरून पातूरला जायचो आणि दुपारी परत यायचो. गिरजाबाई नावाच्या माळीणबाई रोज पुढच्या गादीवर देवमनच्या डाव्या बाजूला बसत. त्यांची वांग्यांची आणि मेथीची पोती माझ्या डिकीत असत. मागे कोणी लग्नाला निघालेलं, कोणी दवाखान्यात, कोणी माहेरी. देवमनची बायको लिलाबाई सणावाराला माझ्या काचा पुसून जाई. मी गाडी असूनही मला घर मिळालं होतं.

शहात्तर सालच्या हिवाळ्यात माझ्या पोटाखाली पहिला थेंब पडला.

स्टिअरिंगच्या पेटीतून एक दांडा बाहेर येतो. तो चाकं वळवतो. त्या दांड्याभोवती तेल अडवायला रबराची एक कडी असते, तिला सील म्हणतात. वीस वर्षांत माझं सील कडक होऊन चिरलं होतं. रोज दोन थेंब, मग दहा. देवमनने माझ्याखाली डबा ठेवला. जेवढं गळे, तेवढं तो वरून भरी. त्याला कळत होतं की हे बरोबर नाही. पण दुरुस्तीला गाडी उभी राहिली तर काम जाईल, या भीतीने तो गप्प राहिला. मीही अधूनमधून वळताना कण्हत असे. पंपाचा तो आवाज त्याने ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं.

मग तो बाजाराचा दिवस उजाडला. माझ्यात नऊ माणसं होती. घाटाचं तिसरं वळण आलं आणि माझ्या पेटीतलं उरलंसुरलं तेल एकदम वाहून गेलं. पंप किंचाळला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं.

"देवमनभाऊ, काय झालं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"काकू, चाक फिरून नाही राह्यलं! धरा! तुमच्याकडं ओढा!"

देवमन ब्रेकवर उभाच राहिला होता. उजव्या हाताने तो चाक लोटत होता, आणि डावा हात नुसता चाकावर टेकला होता. त्यात जोरच नव्हता. समोर दगडी कठडा आणि त्याच्यापलीकडे दरी. गिरजाबाईंनी आयुष्यभर विहिरीवरचे दोर ओढले होते. त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरलं, पाय समोर रोवले आणि अंगातला सगळा जोर लावून ओढलं. मी कठड्याला घासत, ठिणग्या उडवत दहा हात गेले आणि थांबले.

कोणाला काही झालं नाही. मागचे लोक उतरून रस्त्यावर बसले. गिरजाबाई चाक सोडून खाली उतरल्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "देवमनभाऊ, सांगाचं नाही का? तुमाले माईत होतं ना?"

देवमन खाली मान घालून म्हणाला, "माईत होतं, काकू. चुकलंच माहं."

मला बैल लावून मेडशीला आणलं. वाशीमहून रामधन मिस्त्री आला. त्याने खालून पाहिलं आणि उत्तमरावांना सांगितलं, "याचा पार्ट आता कुठंच भेटत नाही. पंप काढून टाका आन् ट्रकची साधी पेटी बसवा. गाडी चालन, फक्त चाक जड होईन."

उत्तमराव वाईट माणूस नव्हते. पण घाटात काय झालं ते ऐकून त्यांची झोप उडाली होती. ते म्हणाले, "देवमन, मी पाहीन तुह्याजोगतं दुसरं काम. पन लोकाइच्या जिवाशी खेळ नाही करता येत."

"बरोबर हाय, मालक," देवमन म्हणाला. "मले फक्त आठ दिवस द्या. मंग जे कराचं ते करा."

देवमनच्या मनात एक माणूस होता. जानराव. कारंज्याच्या जिनमध्ये गाठी दाबणाऱ्या प्रेसचा जुना फिटर. ती प्रेस पाण्याच्या दाबावर चाले, आणि तो प्रचंड दाब अडवायला तिच्या वर-खाली सरकणाऱ्या खांबाभोवती चामड्याची कडी असे. ती कडी जानराव आपल्या हाताने बनवी. आता तो काम सोडून आसेगावला राहत होता.

पण देवमन पाच-सहा वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. ती गाठ खांद्यावर पडली त्या दिवशी जानरावनेच त्याला ट्रकमधून खाली बोलावलं होतं. "जरा हात दे," म्हणाला होता. आणि नंतर दवाखान्यात तो एकदाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवमन एसटीने आसेगावला गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्यासोबत पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा होता आणि त्याच्या खांद्यावर हत्यारांची थैली. दोघं चार हातांचं अंतर ठेवून चालत होते.

जानरावने माझी पेटी उतरवली. एरंडेलात भिजवलेलं नवं चामडं बाभळीच्या लाकडी साच्यात दाबून त्याने पहिली कडी बनवली. ती बसवली, मला गावातून फिरवून आणलं, आणि माझ्याखाली पुन्हा तेल ठिबकलं. उत्तमराव लांब उभे राहून पाहत होते. थेंब पाहून ते घरी गेले.

जानरावने पुन्हा सगळं खोललं. या वेळी त्याने दांड्यावरून आपलं नख हळूहळू फिरवलं. एका जागी नख अडकलं. केसाएवढा ओरखडा होता. तेल तिथूनच वाट काढत होतं. दिवसभर तो माझ्या शेजारी बसून बारीक पॉलिश कागदाने तो दांडा घासत राहिला. देवमन उजव्या हाताने दांडा फिरवत होता. काम करता करता जानराव मान वर न करता म्हणाला, "मी दवाखान्याच्या दारापोत आलो होतो, देवमन. दोन डाव आलो. आत पाय नाही टाकवला."

देवमनचा हात थांबला.

"आत याचं होतं, जानरावदादा," देवमन म्हणाला. "मी दाराकडंच पाहात पडलो होतो."

म्हाताऱ्याने बाहीने तोंड पुसलं. देवमनने पुन्हा दांडा फिरवायला घेतला. त्या रात्री जानराव लिलाबाईच्या हातची भाकर जेवला, पोटभर.

चामड्याचा प्रश्न मात्र उरला. नवं चामडं ताठ होतं. जानरावला वर्षानुवर्षं पाण्यातेलात राहून मऊ झालेलं, तरी न कुजलेलं चामडं हवं होतं. हे गिरजाबाईंच्या कानावर गेलं. त्यांच्या मळ्यात नुकतंच पाण्याचं इंजिन बसलं होतं. बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोट आता गोठ्यात टांगलेली होती. ती त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची. त्यांनी ती स्वतः डोक्यावर घेऊन आणली.

"काकू, हे कापावं लागन," जानराव म्हणाला.

"मंग कापा की! टांगून ठेवून कोनाच्या कामी येनार हाय?"

त्या मोटेच्या तोंडाकडच्या चामड्यातून जानरावने दुसरी कडी कापली.

आठव्या दिवशी सकाळी मला घाटात नेलं. उत्तमराव मागे बसायला निघाले होते, पण देवमन म्हणाला, "पुढं बसा, मालक." त्यांच्या शेजारी गिरजाबाई बसल्या. जानराव मागे. तिसरं वळण आलं तेव्हा गिरजाबाईंनी पाय समोर रोवले. देवमनने उजव्या हाताने चाक फिरवलं. मी वळले. अलगद, पूर्वीसारखी. खालपर्यंत वळणामागून वळण घेत गेले आणि पुन्हा वर आले.

वर आल्यावर उत्तमराव उतरले. पांढरं धोतर नेसलेला तो माणूस धुळीत गुडघे टेकून माझ्याखाली वाकला, धोतराच्या सोग्याने त्याने पेटीखालून पुसून पाहिलं. सोगा कोरडा होता.

ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "देवमन, चाल. बाजार निंघून जाईन."

त्यानंतर देवमनने माझा एकही आवाज न ऐकल्यासारखा केला नाही. जानराव दर पावसाळ्याआधी येऊन नवी कडी घालून जाई. कापायचं कसं, साच्यात दाबायचं कसं, हे त्याने देवमनला शिकवलं. अठ्ठ्याहत्तर साली जानराव वारला. त्याला शेवटचं पोचवायला देवमन आसेगावला मला घेऊनच गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याने पहिल्यांदा स्वतः कडी बनवली. साचा लिलाबाईने घट्ट धरला, सुरी त्याच्या उजव्या हातात होती, आणि चामडं हलू नये म्हणून त्याने आपला तो अधू डावा हात त्याच्यावर दाबून ठेवला. तेवढा जोर त्या हातात होता. त्या कडीतून वर्षभर एक थेंबही गळला नाही, आणि तशीच त्याच्या हातची कडी आजही माझ्या अंगात आहे.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. यंत्राखाली तेलाचा डाग दिसला तर पाय चुकवून पुढे जाऊ नका. खाली वाका आणि कुठून गळतं ते पाहा. आपल्याला माहीत असलेली चूक भीतीने लपवू नका, वेळेवर सांगा. आणि एखाद्याचा हात, पाय किंवा डोळा अधू असेल, तर "तुझ्याने होणार नाही" असं म्हणायच्या आधी त्याला एक डाव बसून पाहू द्या.