तळपट्टीतली ओळ

दादाने सांगायचं आणि धाकटीने करायचं, हा घरचा नियम कंपनीतही चालत आला होता. दादा गिऱ्हाइकं सांभाळायचा, धाकटी पायथॉन या संगणकभाषेत साइट लिहायची. दुकानदारांसाठीची ती साइट सगळी तिच्या हातची, दोनशे बारा पानांची, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी निर्माते म्हणून दोघांची नावं. वडिलांनी जाताना एवढंच मागितलं होतं, की ही नावं जोडीने राहू देत. भागीदारीचा दुसरा कागद तिच्याकडे नव्हता. मागायचा कशाला, सख्खा भाऊ तो.

तिचं काम मात्र गबाळं. नवं पान हवं की जुन्याची नक्कल मारायची आणि चार फेरफार करायचे. त्यामुळे तळाची ओळसुद्धा कुठे आडवी, कुठे उभी, कुठे चौकटीत. टेम्पलेट, म्हणजे सगळ्या पानांचा एकच साचा, कशाशी खातात हे ठाऊक नसलेला दादा एक दिवस म्हणाला, हा पसारा आवर. धाकटी हरखली. बारा वर्षांत त्याने पहिल्यांदाच तिच्या कामाची विचारपूस केली होती, बिचारीला तेवढंही पुरलं.

तीन महिने ती मान मोडून राबली. मेनू, बटणं, शोधाची चौकट, तळपट्टी असा प्रत्येक तुकडा एकदाच लिहून एका फोल्डरमध्ये ठेवला. पानांनी तो फक्त तिथून मागवायचा. मग तिने दादाला बोलावलं आणि कौतुकाने सांगितलं, की आता एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं.

"तळाची ओळही?"

"तीही."

"मग तुझं नाव काढ. माझा मेहुणा भागीदार होतोय, त्याचं घाल."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. तो खुर्चीमागे उभा राहून चहा पीत होता.

"मागच्या वर्षीच काढायचं होतं," तो म्हणाला. "पण एवढी पानं उघडत कोण बसणार? बाहेरच्याला सांगावं तर बोभाटा."

तिने कसंबसं बाबांचं नाव घेतलं. बाबा काही साइट बघायला येत नाहीत, असं म्हणून त्याने कप तिच्याच टेबलावर ठेवला.

धाकटीने आपलं नाव पुसलं, त्याच्या मेहुण्याचं घातलं. सेकंदही लागला नाही.

"सगळी पानं तपास. कुठे राहिलं असेल."

ती तपासत बसली. एखाद्या विसरलेल्या पानावर आपला जुना गबाळेपणा उरला असावा, अशी तिला वेडी आशा होती. तिने दोनशे बारावं पान उघडलं. काम चोख झालं होतं.