पडवीतल्या पाट्या

शाळेचा निकाल घसरला की हेडमास्तरचं जेवणावरचं लक्ष उडतं. गोरक्षनाथ गुरुजींचं ते आधीच उडालं होतं. त्यांची बायको चांगुणा संक्रांतीनंतर तापानं गेली. तेव्हापासून चूल एकदाच पेटायची, आणि शाळा सुटल्यावर गुरुजींच्या तोंडून दुसऱ्या सकाळपर्यंत शब्द निघत नसे. बोलणार कोणाशी?

१९४६ साल होतं. कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेकाठच्या एका गावात त्यांची लोकल बोर्डाची शाळा होती. गावातली मिशनची शाळा बंद पडली आणि ख्रिस्ती वाड्यातली मुलं बोर्डाच्या शाळेत आली. पट वाढला, निकाल खाली आला. नापास झालेली बहुतेक मुलं त्याच वाड्यातली. "त्यांना काय येणार?" असं गाव म्हणू लागलं. गुरुजींनाही ते पटलं.

ती मुलं पडवीत बसायची. ख्रिस्ती झाले तरी गाव त्या वाड्याला शिवत नसे; गावाला तसंच हवं होतं, आणि गुरुजींनी कधी वाद घातला नाही. गणित झालं की ते दारातूनच ओरडत, "उंच धरा!" पडवीतल्या पाट्या डोक्यावर जात. गुरुजी लांबूनच नजर फिरवत आणि म्हणत, "ठीक आहे, पुसा." आतल्या मुलांच्या पाट्या ते मांडीवर घेत, चूक खोडून बरोबर करून देत. पडवीतली पाटी त्यांनी कधी हातात घेतली नव्हती.

आता शाळा तपासणारे दिपोटीसाहेब परीक्षा घ्यायला येणार होते. गुरुजींना एक युक्ती ठाऊक होती. कच्च्या मुलांना त्या दिवशी घरीच ठेवायचं. तेच सांगायला ते एका संध्याकाळी याकोब मास्तरांकडे गेले. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. आता मोतीबिंदूनं त्यांना नीट दिसत नव्हतं, पण वाडा त्यांचं ऐकत असे.

"या गुरुजी, बसा. पाण्याचं विचारत नाही, उगाच तुमची अडचण," मास्तर हसून म्हणाले.

गुरुजी अंगणातल्या घोंगडीवर टेकले. शेजारच्या शांतवनची दीना मास्तरांची भाकरी घेऊन आली होती. तीही पडवीतलीच, तिसरीत. गुरुजींनी तिच्यासमोरच आपलं म्हणणं सांगितलं.

"म्हणजे ही पोरं आहे त्याच इयत्तेत राहणार," मास्तर म्हणाले.

"आली तरी नापासच होतील, मास्तर."

"मंग बा मला डोंगरात, अकोल्याला मावशीकडं धाडनार," दीना मधेच बोलली. "भात लावायला. शाळा बंद. म्हनला, पास झालीस तरच."

"बघा!" गुरुजी म्हणाले. "हिचंच बघा. दीना, बावन्नातून सत्तावीस वजा कर पाहू."

दीना अभ्यासाला मास्तरांकडेच बसे. तिनं कोनाड्यातली आपली पाटी घेतली, भराभर लिहिलं आणि गुरुजी हाताच्या अंतरावर असूनही पाटी थेट डोक्यावर धरली.

पाटीवर पस्तीस होते.

"चूक!" गुरुजी म्हणाले. "दोनातून सात जात नाहीत, म्हणून हिनं सातातून दोन काढले. एवढंही येत नाही!"

दीना रडकुंडीला आली. "पन गुरुजी, मी रोजच आसं करते. तुमी रोज ठीक म्हनता की!"



"हिची चूक मला सापडली नाही, कारण मला पाटीच दिसत नाही," मास्तर हळूच म्हणाले. "तुमचे डोळे तर चांगले आहेत, गुरुजी. ही पोरं मठ्ठ नाहीत. तुम्ही जे ठीक म्हणालात, तेच ती शिकली. बाई गेल्यापासून तुम्ही कसे राहता, ते मी ऐकून आहे. दारावरून माणसं जातात, आत कोणी येत नाही. हो ना? मग पडवीत बसलेल्या पोरांना कसं वाटत असेल, ते तुम्हाला मी काय सांगू?"

गुरुजींना आठवलं, चांगुणा गेली तेव्हा मास्तर काठी टेकत आले होते आणि दिवसभर बाहेर दगडावर बसून होते. आत या, असं त्यांना कोणीच म्हटलं नव्हतं!

गुरुजींनी हात पुढे केला. "आण ती पाटी."

थुंकीनं पुसून लिहिलेली पाटी अजून ओलसर होती. गुरुजींनी ती मांडीवर घेतली. "हे बघ, दोन कमी पडतात. शेजारच्या पाचातून एक दशक उसना घ्यायचा. आता किती झाले?"

"बारा!" दीना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पडवी रिकामी झाली आणि सगळी मुलं आत बसली. गावात गडबड उडाली. गावातला छगन शाळेच्या दारात आला आणि म्हणाला, "गुरुजी, बाईच्या मागं डोकं बी गेलं वाटतं!" त्यानं आपला मुलगा काढून नेला. आणखी काहींनी नेले. गुरुजींना जी दोन घरं ताक पाठवायची, तीही थांबली.

परीक्षेला एकही मूल घरी ठेवलं नाही. दिवस थोडे राहिले होते. बरीच मुलं नापास झाली आणि साहेबांनी वाईट शेरा मारला. दीना मात्र पास झाली.

त्या संध्याकाळी गुरुजी घराच्या उंबऱ्याशी एकटेच बसले होते. अंगणाच्या कडेला दीना येऊन थांबली. नवं गणित सोडवून तिनं पाटी उंच धरली होती.

"खाली घे ती," गुरुजी म्हणाले. "इथून मला दिसत नाही. आत ये, पोरी."

कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणीतरी बोलत होतं.

वाचकहो, अमक्या वाड्यातली मुलं नापास होतात, असं कोणी म्हणालं तर त्यांच्या जातीचं, धर्माचं नाव घेऊ नका. ती कुठे बसतात, ते आधी पाहा. आणि त्यांची पाटी कधी कोणी हातात घेतली का, ते विचारा.