आर्वोच्या रायफलीचा चाप

आर्वो दहा दिवसांत तिसऱ्यांदा तीच रायफल घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मला रागच आला. त्याचा कमी, रायफलीचा जास्त. चाळीस वर्षं मी या गावात बंदुका दुरुस्त करतोय. माझ्या टेबलावरून गेलेली वस्तू परत येत नाही अशी माझी समजूत आहे, आणि ती मी गावाचीही करून दिलेली आहे.

"पुन्हा तेच," आर्वो म्हणाला. "पहिली गोळी सुटते. मग चाप मेल्यासारखा. झटकली, हलवली की येतो जागेवर."

"माझ्या टेबलावर तर नीट चालतो."

"तुझ्या टेबलावर हरणं येतात का रे, रुबेन?"

ही रायफल पुढचं काडतूस स्वतःच आत घेते. आपण फक्त बोट ढिलं सोडायचं. चाप पुढे येतो, आत बारीक टक् होतं, आणि दुसरी गोळी तयार. ते टक् आर्वोच्या हातात होत नव्हतं.

पहिल्या खेपेला मला दोष लगेच सापडला होता, निदान मला तसं वाटलं. आमच्याकडे शिकारीच्या दिवसांत रायफल घरात आणत नाहीत. गारठ्यातून उबेत आली की लोखंडाला घाम सुटतो, आणि घामामागून गंज. म्हणून ती बाहेर पडवीत, खुंटीला. आर्वो या बाबतीत इतका कट्टर की त्याची रायफल बारा महिने पडवीतच असते, आणि वर तो तिला तेल पाजत असतो. आत चापाच्या पेटीत त्या तेलाची काकवी झाली होती. मी सगळं धुऊन काढलं, सुकं वंगण लावलं आणि त्याला चार शब्द सुनावले.

दुसऱ्या खेपेला स्प्रिंग बदलली. गारठ्यातच बिघडते म्हणाला, म्हणून रायफल रात्रभर लाकडांच्या शेडमध्ये ठेवली. सकाळी बादलीतलं पाणी गोठलं होतं. तिथेच उभं राहून, खोटी काडतुसं घालून, चाळीस वेळा चालवली. चाळीसही वेळा टक् झालं.

आता तिसरी खेप. मी त्याला कॉफी दिली. तो कप दोन्ही हातांनी धरून बसला. शर्टाचं गळ्याचं बटण आणि दोन्ही मनगटांची बटणं उघडीच होती. मी म्हटलं, एकटा म्हातारा, बटणं बघायला घरात आहे कोण. माझंही काही वेगळं नाही. माझी बायको हेल्वी वारली त्याला चार वर्षं झाली, आणि माझ्या कोटाचा खिसा तेव्हापासून तसाच फाटका आहे.

कॉफी संपल्यावर मी रायफल रिकामी करून त्याच्या हातात दिली. त्याने दहा वेळा चाप ओढला. सगळं ठीक.

"बघ," मी म्हणालो.

"बघतोय. पंधरा तारखेला हंगाम सुरू होतोय, पाच दिवस उरलेत, ते पण बघतोय." मग कपाच्या तळाकडे बघत म्हणाला, "या वर्षी तू पण चल की रानातल्या कॅम्पवर."

"नको."

"सुलो होता तोवर आम्ही दोघं भाऊ तरी होतो. आता मी एकटा. एकट्यानं कॅम्पवर जायचं नाही, हा आमच्या आजोबांचा नियम होता."

"मग नको जाऊस."

"सगळे मरून गेले त्याला मी काय करू?" आर्वो म्हणाला. "भाऊ पण गेला. नियम पाळायला माणसं कुठून आणू?"

हेल्वी गेली तेव्हा मी त्याच कॅम्पवर, त्यांच्या लाकडी खोपटात, चुलीपाशी मांस-बटाटा भरलेल्या पॅस्टी गरम करत बसलो होतो. तिथे फोन लागत नाही. मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. त्यानंतर मी त्या रस्त्याला गाडी घातलेली नाही, आणि आर्वोला हे चांगलं माहीत आहे. तरी दर वर्षी विचारतो.

"चल, खाणीत जाऊ," मी म्हणालो. "तू उडव, मी बघतो."

गावाबाहेर खडीची जुनी खाण आहे. हंगामाआधी सगळे तिथेच नेम तपासतात. त्या दुपारी आम्ही दोघंच होतो. वारा सरोवरावरून थेट येत होता. आर्वोने फळीवर कागद लावला, मागे आला आणि पहिली गोळी झाडली. कागदाच्या मधोमध भोक पडलं. एकोणऐंशीव्या वर्षी.

मग त्याने पुन्हा ओढला. काहीच नाही.

"दिसलं?" तो म्हणाला. चेहऱ्यावर चक्क आनंद होता.

"हलू नकोस. तसाच राहा." मी त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसलो, चापाच्या अगदी जवळ तोंड नेलं. "आता चाप सोड."

"सोडला."

सोडला नव्हता. बोट वाकलेलं तसंच चापावर दाबून बसलं होतं.

हातमोजा जाड आहे, बोट अडकत असेल, असं मला वाटलं. खरं तर तसं असावं असं वाटत होतं. मोजा काढायला लावला. उघडं बोट गारठ्याने पांढरं पडलेलं. पुन्हा एक गोळी, पुन्हा मी म्हणालो, "सोड," आणि तो वैतागून म्हणाला, "सोडला म्हणतोय ना, किती वेळा सांगू?" बाकीची चार बोटं हलली. ते एक हललं नाही, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मग त्याने सवयीने रायफल झटकली, बोट घसरलं, आणि टक् झालं.

मी रायफल घेतली आणि लागोपाठ पाच गोळ्या उडवल्या. एकदाही अडकली नाही.

"तुझ्या हातात बरी वागते," आर्वो म्हणाला. "काय झालंय तिला?"

हे सांगायचं म्हणजे या माणसाची शिकार संपली, कॅम्प संपला, असं सांगायचं. आणि तो दुसरं काही म्हणाला नसता, एवढंच म्हणाला असता, मग तू उडव, मी नुसता बसतो, पण चल. मला जायचं नव्हतं. मी रायफलीकडे बघत म्हणालो, "आतला एक तुकडा झिजलाय. मागवावा लागेल. पंधरा तारखेच्या आत येत नाही. राहू दे माझ्याकडे."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. चाळीस वर्षांत लोखंडाबद्दल मी त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी बंदूकवाल्याच्या दुकानासारखी ओसाड जागा नसते. गावातले सगळे पुरुष आणि निम्म्या बायका रानात. मी चूल पेटवली, टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. लांब कुठेतरी एक गोळी वाजली, मग दोन. आर्वोची रायफल समोरच्या रॅकमध्ये उभी होती, धडधाकट, आणि मला तिच्याकडे बघवेना. हा माणूस आज घरी खिडकीत बसला असेल आणि प्रत्येक आवाज मोजत असेल. निदान बरोबर कॉफी घेऊ, खरं काय ते सांगून टाकू, म्हणून मी रायफल उचलली आणि त्याच्या घरी गेलो. गाडी नव्हती. बर्फात चाकांचे ताजे वण कॅम्पच्या रस्त्याकडे गेले होते.

चार वर्षांनी मी त्या रस्त्याला लागलो.

कॅम्पच्या धुराड्यातून धूर येत होता. आर्वो पायरीवर बसला होता, शेजारी सुलोची जुनी रायफल. मला बघून तो उठलाही नाही.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. "सुलोच्या रायफलीचा पण चाप गेलाय. बघून दे जरा."

"काय झालं?"

"पहाटे मचाणावर बसलो होतो. हरीण आलं, नेम धरला, पण शिंगं नव्हती, मादी होती, ती मारायची नसते. म्हणून रायफल खाली केली. बोट काढलं आणि तरी उडाली." त्याने डावा पाय पुढे केला. बुटाचं पुढचं रबर फाटून लोंबत होतं, आतला लोकरी मोजा दिसत होता. "बूट वाया गेला बघ. नवीनच होता."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. गोळी दोन बोटं आत लागली असती तर पाय गेला असता, आणि इथे, फोन लागत नाही तिथे, तोही गेला असता. माझ्यामुळे.

"आर्वो, चाप ठीक आहे. दोन्हींचा."

"मग उडाली कशी?"

"तुझं बोट सुटत नाही. हात गारठला की तुला वाटतं काढलं, पण ते तिथंच असतं. खाणीत मी पाहिलं."

तो बुटाचं लोंबतं रबर जागेवर दाबत राहिला.

"झिजलेला तुकडा?"

"नव्हताच."

"मग खोटं कशाला सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, माझ्याबरोबर चल. मला इथं यायचं नव्हतं. भीती वाटत होती."

"हात गेला म्हणाला असतास तर शिव्या घातल्या असत्या आणि घरी बसलो असतो," आर्वो म्हणाला. "तू रायफल गेली म्हणालास, म्हणून मी दुसरी आणली."

त्याने हातमोजा काढला, उजवा हात समोर धरला आणि मूठ वळली. मग उघडली. चार बोटं उघडली. पाचव्याकडे तो बघत राहिला.

"सोड," तो त्या बोटाला म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "सोड ना रे."

मग त्याने डाव्या हाताने ते सरळ केलं, हातमोजा चढवला आणि उठला. "आत ये. पॅस्टी आहेत. दोन आणल्या होत्या, उगाच."

मी सुलोची रायफल रिकामी केली. माझ्या गाडीतून आर्वोचीही घेऊन आलो, आणि पडवीत सवयीने खुंटी शोधायला लागलो. तीन पिढ्यांच्या रायफली त्या खुंट्यांना टांगून लाकूड झिजलं होतं.

"बाहेर कशाला टांगतोस?" आर्वो आतून म्हणाला. "आत आण."

"घाम सुटेल."

"सुटू दे."

मी दोन्ही रायफली आत नेल्या आणि चुलीजवळच्या कोपऱ्यात उभ्या केल्या. आम्ही समोरासमोर बसून पॅस्टी खाल्ल्या. थोड्या वेळात नळ्या धूसर झाल्या, मग त्यांच्यावर पाणी जमलं आणि ओघळून फरशीवर आलं. फडकं माझ्या हाताशीच होतं. आम्हा दोघांपैकी कुणी ते उचललं नाही.